चामडं शिकायला विलायतेला

‘ह्याच्या हाताला वळण आहे,’ रावसाहेब म्हणाले. ‘पिढीजात.’

आणि हसले. त्यांची बायको मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभी होती, ती हसली. त्यांचा मुलगा वसंत हसला. फळीवर बेडूक पोट उघडं टाकून पडला होता. तो आणि मी, आम्ही दोघेच तेवढे हसलो नाही.

ही जागा बदलापुरातली. रावसाहेबांच्या बंगल्यामागे गोठा, गोठ्यामागे मोकळी जागा. रावसाहेब अंबरनाथच्या एका कारखान्यात मोठे केमिस्ट. माझा बाप त्याच कारखान्याच्या आवारात पोती वाहायचा. वसंत आणि मी मुंबईत एका कॉलेजात, एका वर्गात. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या कॉलेजात सायन्सच्या मुलाला आधी सगळीच शास्त्रं घ्यावी लागत. फिजिक्स, केमिस्ट्री, बॉटनी, झुऑलॉजी. त्यातून मग पुढचा विषय निवडायचा. वसंतला फिजिक्समधलं गणित यायचं नाही, बॉटनीची चित्रं जमायची नाहीत आणि बेडकाला हात लावला की ओकारी यायची. तरी तो हुशार. सगळे म्हणायचे, म्हणजे असेलच.

परीक्षा जवळ आली तसा रावसाहेबांनी बापाकडे निरोप दिला. पोराला रविवारी बंगल्यावर पाठव, वसंतला बेडूक कापायला शिकवायचंय. बाप खूश. साहेबाच्या मुलाला त्याचा मुलगा शिकवणार. मी धुतलेला शर्ट घालून गेलो. पुढच्या पायरीवर पाय ठेवला तर बाईंनी खिडकीतून हातानेच मागे जायची खूण केली. मागे एका मोडक्या दाराची फळी ठेवली होती. भातखाचरातला बेडूक गड्याने आणून ठेवला होता. मी कापला. कातडं सोडवलं, स्नायू बाजूला केले, धडधडणारं काळीज दाखवलं. वसंतने नाकाला रुमाल लावून एक पाय बोटाने दाबून धरला. एवढं त्याचं शिक्षण.

आणि रावसाहेब म्हणाले, पिढीजात.

मेलेली ढोरं फाडणाऱ्यांची औलाद, असं त्यांना म्हणायचं होतं. मला कळलं. पहिला बेडूक मीसुद्धा नासवला होता. कात्री कशी धरायची ते मी कॉलेजात उशिरापर्यंत थांबून, बोटं कापून घेऊन शिकलो होतो. ती सगळी मेहनत त्यांनी एका शब्दात माझ्या आज्या-पणज्याच्या नावावर टाकली. मग बाईंनी तांब्या उंच धरून माझ्या हातांवर पाणी ओतलं. वसंत हात धुवायला सरळ आत न्हाणीघरात गेला. एकाच बेडकाला दोघांचे हात लागलेले. विटाळ मात्र माझ्याच बाजूने चढत होता. झुऑलॉजीच्या कुठल्या पुस्तकात हा चमत्कार मला पुढे सापडला नाही. पानावर लाडू दिला होता, तो मी खाल्ला. चांगला होता.



आता ढोरांचंच निघालं म्हणून सांगतो. आमचं गाव बदलापूरच्या पलीकडे, बारवी नदीच्या अंगाला. गावात कुणाचं जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आम्हा महारांचं. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या वस्तीने एक दिवस बसून ठरवलं, ह्यापुढे ओढायचं नाही. लगेच एका बड्या शेतकऱ्याचा बैल मेला. अंगणात पडून फुगला. चार माणसं माझ्या बापाकडे आली. बाप दारात उभा राहून म्हणाला, ‘कुजू दे त्याला. आमचा हात लागनार नाय.’ मग गावाने आम्हाला दुकान बंद केलं, मजुरी बंद केली, रानात लाकडाला जाणाऱ्या बायकांना हुसकून लावलं. आई पेजेवर दिवस काढत होती. शेवटी बाप गाव सोडून अंबरनाथला आला आणि कारखान्यात पोती वाहायला लागला. चामड्यातून सुटायची किंमत आमच्या घराने अशी भरली होती.

पुढे मी केमिस्ट्री घेतली, जोडीला फिजिक्स. कॉलेजात वर्णपट बघायचं एक छोटं यंत्र होतं. मी गावाकडचा पाला आणून स्पिरिटमध्ये वाटायचो, त्याचा हिरवा अर्क दिव्यासमोर धरायचो आणि यंत्राला डोळा लावायचो. सात रंग दिसायचे आणि तांबड्यात एक काळी पट्टी. पानाने तेवढाच उजेड गिळलेला असायचा. पान बॉटनीचं, अर्क केमिस्ट्रीचा, उजेड फिजिक्सचा. सगळी शास्त्रं त्या एका नळीत एकत्र यायची. मला त्याचं वेड लागलं. पण मोठं यंत्र इकडे आमच्या हाताला लागणारं नव्हतं. विलायतेत होतं. तिथे एक वर्ष मिळावं, एवढीच एक गोष्ट मला आयुष्यात हवी होती.

आणि वर्ष मिळण्यासारखं होतं. बदलापूर-अंबरनाथच्या बड्या लोकांनी एक फंड काढला होता. दर वर्षी एका होतकरू मुलाला वर्षभर परदेशी पाठवायचं. समितीचे प्रमुख रावसाहेब. बी.एस्सी.ला ह्या भागातून पहिला वर्ग मला एकट्याला. वसंतला दुसरा. मी अर्ज केला. रावसाहेबांनी बंगल्यावर बोलावलं आणि बापालाही घेऊन ये म्हणाले.

ओट्यावर तीन खुर्च्या. रावसाहेब, एक वकील, एक डॉक्टर. मी पायरीच्या खाली. बाप माझ्याही मागे, वहाणा फाटकाशी काढून.

‘पहिला वर्ग. शाबास,’ वकील म्हणाले. ‘तुमच्यातल्या मुलाने एवढं करायचं म्हणजे.’ पुढचं त्यांनी गिळलं.

‘आमचं ठरलंय,’ रावसाहेब म्हणाले. ‘तुलाच पाठवायचं. चामडं कमावण्याचं शास्त्र शिकून ये.’

मला वाटलं, अर्जांची अदलाबदल झाली असेल. म्हटलं, ‘माझा विषय वर्णपट आहे. अर्जात लिहिलाय.’

‘वाचला. त्याचा तुला काय उपयोग? हे तुझ्या समाजाच्या कामाचं. आलास की आपण इथे छोटा कारखाना टाकू. तुलाच मॅनेजर करू.’

‘साहेब, आम्ही महार. चामडं कमावणारे वेगळे.’

‘एकच रे ते,’ डॉक्टर म्हणाले.

एकच. ज्यांनी आम्हाला पिढ्यानपिढ्या वेगवेगळ्या खणांत कोंबलं, त्यांना कोण कुठल्या खणात हेसुद्धा लक्षात नव्हतं. एवढाही अभ्यास नाही. मला त्या तिघांची पहिल्यांदा कीव आली, आणि कीव लगेच विटली. चामडं कमावणं हलकं, असं मी म्हणत नाही. ज्याला आवडतं त्याने शिकावं, विलायतेत जाऊन शिकावं. पण वसंतला कुणी विलायतेत सत्यनारायण सांगायला शिकून ये म्हणत नव्हतं.

रावसाहेबांनी माझ्या डोक्यावरून बापाकडे बघितलं. ‘काय रे, पाठवायचं ना पोराला?’

बाप त्यांच्याहून वयाने मोठा. त्याने हात जोडले. ‘साहेब म्हन्तील तसा.’

मी मागे वळून बघितलं. अख्ख्या गावासमोर ‘कुजू दे’ म्हणणारा हाच माणूस. नोकरीने त्याला इतका वाकवला होता. आणि आता माझ्या पाठीवर हात फिरवून, हार घालून, मलाही वाकवायचं चाललं होतं. वर मी धन्यवाद म्हणायचे. मला लाज वाटली, ती बापाची नाही. मी इतकी वर्षं ह्या लोकांच्या शाबासकीची वाट बघत होतो, त्याची वाटली.

‘मी जाणार नाही,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘माझ्या बापाने जे सोडलं, त्यालाच तुम्ही मला बोटीत बसवून परत जुंपताय. मला नको. तुमचं वर्ष तुमच्याकडे ठेवा.’

वकिलांनी चष्मा काढला. डॉक्टर घड्याळ बघायला लागले. ‘माजलाय,’ रावसाहेब म्हणाले. फार मोठ्याने नाही. रोज वापरातला शब्द असल्यासारखा.

आम्ही अंबरनाथला चालत निघालो. वाटेतल्या चिखलोली गावापर्यंत बाप माझ्या पुढे चालत होता. मग थांबला. ‘माजी नोकरी गेली तर तू कमावशील?’

‘कमावीन, बा.’

‘मंग चल.’

नोकरी गेली नाही. रावसाहेब असलं उघड काही करत नसत. बापाला आवारातून काढून भट्टीवर टाकलं, एवढंच. त्याचा खोकला तिथून सुरू झाला तो शेवटपर्यंत.

विलायतेला वसंत गेला. ज्याला बेडूक कापता आला नाही तो माझं वर्ष घेऊन गेला. परत आल्यावर बदलापुरात त्याचं भाषण झालं. तिकडे माणसाला माणूस म्हणून वागवतात, म्हणाला. टाळ्या पडल्या. आमची माणसं सभागृहाच्या दाराबाहेर चपलांपाशी उभी राहून ऐकत होती. कुणाला आत या म्हणायचं सुचलं नाही. वसंतलाही नाही, आणि तो तर नुकताच शिकून आला होता.

मी उल्हासनगरला एका सिंध्याकडे लागलो. निर्वासित माणूस, कॅम्पातल्या बराकीत शाई बनवायचा. माझी जात ऐकून म्हणाला, ‘मेरे को जात का क्या करना है, रंग पक्का होना मंगता.’ बरं वाटलं. पगार मात्र अर्धाच द्यायचा, कारण मला दुसरीकडे कुणी ठेवणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तेवढा अपमान मला परवडत होता. शाई ढवळता ढवळता मी सरकारी शिष्यवृत्तीचे अर्ज करत राहिलो. एकदा मुलाखतीला बोलावलं. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, ‘तुम्हाला काय शिकायचंय?’ असं मला कुणी विचारलंच नव्हतं. आनंद वगैरे नाही, राग आला. इतका साधा प्रश्न, आणि त्यासाठी मला एवढं रखडवलं.

गेलो. विलायतेत एक वर्ष राहिलो. तिथे काही देव राहत नाहीत. माझा रंग बघून भाड्याची खोली नुकतीच गेलेली असायची. पण प्रयोगशाळेत मोठ्या यंत्रापुढे मला बसवलं आणि माझ्या हाताचं वळण कुठून आलं ते कुणी विचारलं नाही. मी काम केलं. माझ्याच विषयात केलं.

परत आल्यावर रावसाहेबांचं बोलावणं आलं. ते निवृत्त झाले होते, फंड चालू होता. ह्या वेळी पुढच्या दाराने घेतलं. खुर्ची दिली. चहाचा कप त्यांच्यासारखाच. मी कपाकडे बघितलेलं त्यांनी बघितलं.

‘काळ बदललाय,’ म्हणाले. ‘आमच्या समितीवर या. तुमच्यातल्या मुलांचे अर्ज तुम्ही बघत जा.’ मला आता अहो-जाहो होतं.

‘आणि बाकीच्यांचे?’

‘ते आम्ही बघू.’

फंडाला आमच्यातला एक माणूस हवा होता. दाखवायला. कुणाचा अर्ज आलाय, मी विचारलं. अंबरनाथच्या एका झाडूवाल्याची मुलगी. सायन्सला पहिली आलेली. ‘नर्सिंगला पाठवतोय,’ रावसाहेब म्हणाले. ‘घाणीची सवय असते त्यांना.’

‘तिने काय मागितलंय?’

‘मागितलंय काहीतरी. अणूबिणू.’

मी उठलो. चहा तसाच होता. म्हटलं, ‘तिला मी सांगतो, हे घेऊ नकोस म्हणून.’

‘म्हणजे पोरीचं नुकसान करणार तुम्ही?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तुमच्या उपकारापेक्षा ते कमीच असेल.’

तिच्या घरी गेलो. आईबापासमोर सगळं सांगितलं. तिचा बाप घाबरला. साहजिक आहे. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मला नर्स नाही व्हायचं, सर.’ तेवढं मला पुरे होतं. आता ती रोज संध्याकाळी माझ्याकडे येते, पुस्तकं उघडते, चुकते, परत करते. सरकारी शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही भरतोय. मिळेल की नाही, मी तिला खोटं सांगत नाही. नाही मिळाली तर पुन्हा भरू. परवा वकील रस्त्यात भेटले, पोरीचं भलं होतंय ते मोडू नका म्हणाले. त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. तिचा विषय तिने निवडलाय. तो बदलायला जो कोणी येईल, त्याची गाठ आधी माझ्याशी आहे.