झाडूबाईचं तिसरं वळण

जंगलखात्यात आमच्या मावशीला सगळे झाडूबाई म्हणतात. जंगलातला ओढा तिने वर्षानुवर्षं आरशासारखा ठेवला. फांदी पडली की ओढून बाहेर, ओंडका अडकला की कुऱ्हाड. मग एक दिवस वरून हुकूम आला: पाणी फार घाईने पळतंय, ओंडके परत ओढ्यात टाका.

"आधी काढायचा पगार, आता टाकायचा पगार," घड्याळं दुरुस्त करणारे आमचे काका म्हणाले.

"तुम्ही घड्याळ खोलता आणि परत जोडता, तेव्हा मी हसते का?"

"जोडल्यावर चालतं माझं."

"माझं थांबेल. बघालच."

मुकादम तीच. दोन वळणांवर तिने ओंडके आडवे रचून घेतले, काठाला रोपं लावली. तिसरं वळण मिळणार की नाही, ते खात्याच्या अधिकारी मॅडमच्या तपासणीवर होतं. त्यांना नाही पटलं, तर ओंडक्यांचं काम बंद, आणि यंत्र येऊन ओढा सरळ खणून टाकणार.

मॅडम आल्या. काठावरची निम्मी रोपं हरणांनी फस्त केलेली. खालच्या वळणावर गुडघाभर डोह, त्यात बोटाएवढे मासे. वरच्या वळणावर मात्र ओंडक्यांच्या फटींतून पाणी खुशाल चाललेलं.

"ओंडके तसेच, माणसं तीच. मग हे असं का, मुकादम?"

मावशीने खाली पाहिलं: फटीफटीत पानं, काटक्या, चिखल. वर पाहिलं: ओंडके घासलेल्या भांड्यांसारखे लख्ख. तिने कपाळावर हात मारला.

"तुम्ही येणार म्हणून काल मी वरचं झाडून काढलं."

"आणि खालचं?"

"तोवर गुडघा धरला होता."

मॅडमनी हसू दाबलं. "म्हणजे पाणी कचऱ्यानेच अडतं."

"आता कचरा नाही म्हणायचं. बूच म्हणा."

"आणि हरणं? तीही तुम्हीच बोलावलीत?"

"ती आपली आपण आली. त्यांच्यासाठी कुंपण लागेल. तुमच्याकडे मागणारच होते."

मॅडमनी वहीत टिपून घेतलं. "तिसरं वळण घ्या. पण तपासणीच्या आदल्या दिवशी तुम्ही घरी बसायचं."

"बसते. घर झाडायचं राहिलंच आहे."

आदल्या दिवशी काढलेलं सगळं मावशीने वरच्या काठावर नीट ढीग करून ठेवलं होतं. तिने दोन्ही हातांनी पानं-काटक्यांचा कवळा उचलला. मॅडमनी बूट काढून बाजूला ठेवले.

"इथे लावा," मावशी पाण्यात उतरत म्हणाली. "तसं नाही हो, चांगलं कोंबा."