रताळ्याची दारू

आमच्या आप्पांचा कुणावरच विश्वास नसे. दौंडला रेल्वेत जन्म काढला, तरी स्टेशनच्या घड्याळाचा भरवसा त्यांनी कधी धरला नाही. मी तेव्हा शिरूरकडं नव्यानं आलेल्या जपानी कंपनीत होतो. तिथल्या साहेबानं मायदेशी परतताना मला एक बाटली दिली. शोचू, म्हणजे रताळ्याची दारू.

"रताळं उपासाला खात्यात. त्याची कुणी दारू काढतं व्हय?" आप्पा म्हणाले.

त्यांनी चमचाभर ओतून काडी लावली. गावाकडं हातभट्टीची पारख अशीच करत. शोचू सौम्य, ती पेटलीच नाही.

"पाणी हाय हे. त्यानं तुला येड्यात काढलं, न्हाईतर तूच आधी पिऊन पाणी भरलंस."

माझं डोकं सणकलं. कोपऱ्यावरच्या गाड्यावरून गोटी सोडा आणला, लिंबू पिळलं, मीठ-साखर घातली, वर सढळ हातानं शोचू ओतली आणि पेला त्यांच्यापुढं आदळला.

"पाणीच हाय ना? मग प्या!"

आप्पांनी तीन पेले रिचवले. उठायला गेले आणि परत खुर्चीत बसले.

"त्या सोडेवाल्याकडनं परत काय आणू नगस," ते म्हणाले. "सोड्यात कायतरी मिसळतोय त्यो."