पंचवीसचे किती, शंभरचे किती

पाच माणसं दर रविवारी सकाळी एका टेबलाभोवती बसली, की पत्ते नुसतं निमित्त असतात. डाव कोण जिंकलं ते पुढच्या रविवारपर्यंत विसरलं जातं. कोण काय बोललं ते मात्र साठत जातं. आमच्या आष्ट्याच्या कंपूचं असं बरंच साठलंय. खेळ पोकरचा. पैशाला कडक बंदी! जिंकणाऱ्याला फेटा बांधायचा आणि दुपारी मिळून जेवायचं, एवढंच बक्षीस.

खेळ माझ्या घरी. दिवाळीतली वीस जणांची मोठी मॅचही माझ्याच घरी. मी हायस्कूलला गणित शिकवतो, त्यामुळे कोणती चिप पंचवीसची, कोणती शंभरची आणि सुरुवातीला कुणाला कोणत्या किती द्यायच्या, हे खातं पहिल्यापासून माझ्याकडे. हे यजमानपण मला फार प्रिय आहे. ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे निम्मे किस्से मी जळून सांगणार आहे!

* * *

पहिल्या वर्षी चिप्स नव्हत्या. मी जुन्या लग्नपत्रिका कापल्या आणि किमती ठेवल्या नोटांप्रमाणे: दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे. म्हटलं, लोकांना सवयीचं पडेल.

अण्णा आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, त्यांचं खताचं दुकान. त्यांनी सहा रंगांचे ढीग समोर मांडले आणि दहा मिनिटं नुसते बघत राहिले.

"आवं अण्णा, खेळा की!"

"थांबा मास्तर. एवढ्या रंगात मला नवरा-नवरीचं नावच सापडंना झालंय!"

त्या दिवशी मी शिकलो. रंग कमी ठेवायचे आणि प्रत्येक पुढची किंमत मागचीच्या चार-पाच पट. पंचवीस, शंभर, पाचशे. हिशेब झटक्यात होतो. पण तेवढ्यात बायकोनं, सुनंदानं, पंखा लावला आणि माझ्या चार तासांच्या कातरकामाचा अक्षता टाकल्यासारखा पाऊस पडला.

* * *

मग वजनदार वस्तू शोधली. आपल्या भागात काय कमी आहे? पंचवीसला बेदाणा, शंभरला सुपारी, पाचशेला हळकुंड!

पोकरमध्ये पत्ते वाटायच्या आधी दोघांनी आळीपाळीनं छोटी रक्कम टाकावीच लागते. अण्णांची पाळी आली.

"अण्णा, पंचवीस टाका."

"न्हाईत."

"नाहीत कसे? मघाशी बारा दिले होते! अजून एकही डाव हरला नाही तुम्ही!"

अण्णांनी मिशी पुसली.

"मास्तर, तुमचं पंचवीस लय ग्वाड हाय. शंभर मातर चावत न्हाई!"

* * *

बेदाणे बंद झाले, हळकुंड टिकलं. पण त्याची दुसरीच गंमत.

आमचा बापू आटपाडीचा. घरी पूर्वी मेंढरं होती, आता डाळिंबाची बाग आहे. तो स्वतः आष्ट्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. घरात खंडोबा आणि भंडारा, म्हणजे हळद कपाळाची वस्तू. बापू एरवी बिनधास्त थापा मारायचा. हातात काही नसताना सुपाऱ्या अशा आपटायचा, की अण्णा पत्ते टाकून द्यायचे. पण हळकुंड लावताना आधी ते कपाळाला टेकवायचा.

आणि हळकुंड लावलं की त्याच्याकडे हमखास भारी पत्ते असायचे. तीन रविवारांनी सगळ्यांच्या लक्षात आलं. हळकुंड कपाळाला लागलं, की आम्ही बाकीचे पटापट पत्ते खाली टाकायचो. बापूला मोठा डाव म्हणून कधी मिळायचाच नाही.

मी एकदा बाजूला घेऊन म्हटलं, "अरे बापू, एकदा तरी हळकुंडावर थाप मार की!"

बापूनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला देवळात चप्पल घालून जायला सांगितलं.

"सर, हरू द्या मला. हळदीवर खोटं बोलाय न्हाई जमायचं."

* * *

इथपर्यंत सगळं सुखात चाललं होतं. मग रहिमतपूरचे सुभेदार आले.

सुभेदार अण्णांचे पाहुणे, नुकतेच फौजेतून निवृत्त झालेले. पहिल्याच रविवारी ॲल्युमिनियमची चकचकीत पेटी घेऊन आले. कुलूप उघडलं. आत पाचशे चिप्स! हिरव्या, काळ्या, जांभळ्या, पिवळ्या. एकेक चिप हातात घेतली तर जुन्या रुपयाएवढी जड.

अण्णांनी दोन चिप्स एकमेकीवर आपटल्या. खण्ण! पुन्हा आपटल्या. बापूनं आपटल्या. स्वयंपाकघरातून सुनंदा पदराला हात पुसत बाहेर आली.

"आवं, केवढा झ्याक आवाज येतुया!"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्या एकाही आवाजाला ती झ्याक म्हणालेली नाही. वर सुभेदारांना चहा पाहुण्यांच्या कपातून आला आणि मला रोजच्या.

मी जळालो. साफ जळालो. त्यात माणूस इतका सज्जन, की नावं ठेवायला जागा नाही! जेवून झालं की स्वतःचं ताट स्वतः विसळायचा. सुनंदा माझ्या ताटाकडे बघायची.

* * *

ईर्ष्येला पेटून मी ऑनलाइन चिप्स मागवल्या. आल्या त्या बटणासारख्या हलक्या आणि कोऱ्या. काही हरकत नाही, आपण मास्तर! शाळेतला मार्कर आणला आणि तीनशे चिप्सवर सुवाच्य अक्षरात आकडे घातले.

मार्कर फळ्यावरचा होता, पुसायचा. मे महिना. तासाभरात आकडे चिपवरून तळहातावर आले. तळहातावर उलटे. अण्णांनी त्याच हातानं कपाळाचा घाम पुसला, तेव्हा ते कपाळावर सुलटे झाले.

आम्हाला हसून सांगताही येईना. अण्णा तसेच घरी गेले. काकूंनी दार उघडलं, कपाळावरचं ५०० वाचलं आणि म्हणाल्या, "आवं, एवढ्याला कोण घेतंय तुमास्नी!"

पुढच्या रविवारी सुभेदारांची पेटी पुन्हा टेबलावर आली.

* * *

आणि मग ते आमंत्रण आलं. सुभेदार म्हणाले, "एक रविवार आमच्या रहिमतपूरला या."

अण्णा लगेच म्हणाले, "जाऊ. आणि दिवाळीची मॅच हितं घ्यायची का तिथं, ते बघून ठरवू."

आठ वर्षांची माझी दिवाळी होती ती.

रहिमतपूरला सुभेदारांच्या घरी सगळं जिथल्या तिथं. नवं हिरवं कापड, पाच खुर्च्या, पाच पाण्याचे ग्लास. कारण सुनंदाही आता खेळायला बसते. सुभेदारांनी प्रत्येकापुढे दहा हजारांच्या चिप्स मांडल्या: हजारच्या नऊ, पाचशेची एक, शंभरच्या चार, पंचवीसच्या चार.

चूक मला पहिल्या मिनिटाला दिसली. खेळ पंचवीस-पन्नासनं सुरू होतो. लहान चिप्स चारच असतील, तर दोन डावांत सगळा बाजार अडणार! तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. ग्लासातलं पाणी प्यायलो. खरं सांगतो, आतून गुदगुल्या होत होत्या.

दोन डावांत व्हायचं ते झालं. "हजारचं सुट्टं हाय का?" "पन्नास घ्या, पंचवीस परत द्या." "मी कुठनं देऊ?" एसटीतल्या कंडक्टरसारखे पाचही जण सुट्ट्यासाठी ओरडायला लागले. पेटीत मूठ मूठ लहान चिप्स उरल्या होत्या, पण सुभेदार म्हणाले, "एकदा वाटप झालं, पेटी बंद. नियम म्हंजे नियम."

अर्ध्या तासात अण्णांनी पत्ते खाली ठेवले. "ह्यापरीस बेदाणं बरं हुतं गड्या!"

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. "सर, हे काम आमचं न्हवं. तुमीच बगा."

मी उठलो. सगळ्यांच्या चिप्स गोळा केल्या, पेटीतल्या काढल्या आणि पुन्हा वाटल्या. पंचवीसच्या बारा, शंभरच्या बारा, पाचशेच्या पाच, हजारच्या सहा. झाले दहा हजार. खेळ असा पळाला, की जेवायची वेळ कुणाला कळली नाही. बापूनं फेटा जिंकला. सुनंदा सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यांचं डोकं चालतं बगा ह्यात." मी ते दोनदा ऐकलं, कारण दुसऱ्यांदा मीच तिला पुन्हा म्हणायला लावलं.

अण्णांनी निकाल दिला. "दिवाळी आष्ट्यालाच! पेटी सुभेदाराची, वाटणी मास्तरची."

निघायच्या आधी सगळे अंगणात गेले. मी आणि सुभेदार चिप्स पेटीत भरत होतो. अंगात विजय चढलेला. म्हटलं, जरा उपदेशही करावा. "सुभेदार, लहान चिप्स नेहमी जास्त ठेवाव्यात."

"व्हय सर."

झाकणाच्या आतल्या अस्तराखाली कागदाचं टोक दिसलं. मी ओढलं. घडी घातलेली चिठ्ठी होती.

*पंचवीसचे १२. शंभरचे १२. पाचशेचे ५. हजारचे ६.*

अक्षर सुनंदाचं.

मी सुभेदारांकडे बघितलं. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून हळूच घेतली, होत्या त्याच घड्या घातल्या आणि खिशात ठेवली.

"गेल्या रविवारी वैनींकडनं तुमची वाटणी लिवून घेतली. अक्षर लय देखणं हाय त्यांचं. दोन दिवसांत तोंडपाठ झालं बगा."