धाकूदादाचा उजवा पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही — तिथेही इकडचं तिकडचं मागून परत आलो. आज तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका. आणि मध्येच दुसरंच काही बोलायला लागलो, तर बोलू द्या. सरळ तिथवर जायचा धीर मला होत नाही.

मला थंडीची भीती वाटते. हसलात ना? हसा. पौषात सकाळी आमच्याकडे खोबरेल गोठतं, पांढरंफेक होतं. बायको बाटली ओट्यावर उन्हात ठेवते, तासाभरात तेल पातळ. महाडात घरोघरी हेच चालतं, त्यात भ्यायचं काय? पण ती पांढरी बाटली मला बघवत नाही. मी उठून मागच्या दारी जातो. बायकोला वाटतं, मला खोबरेलाचा वास सोसत नाही. चाळीस वर्षं तिला तसंच वाटतंय.

मी मोटारीचा मिस्त्री. इंग्रजांच्या काळातली गोष्ट. आमच्या शेटची उतारू नेणारी एक सर्व्हिस मोटार महाडहून पोलादपूरवरून, आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला जायची. रात्री वर मुक्काम, सकाळी आठला खाली निघायची. ड्रायव्हर धाकूदादा, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. मला शेटकडे कामाला लावलं ते त्यानेच. हेही सांगायलाच हवं. हे टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या गाडीचे जुने ब्रेक सळ्यांचे होते. पायडल दगडासारखं घट्ट. उतारावर धाकूदादा सीटवरून जवळजवळ उभा राहून दाबायचा. मग शेटने गाडी मुंबईला पाठवली आणि नवे, तेलाचे ब्रेक बसवून आणले. काय कौतुक झालं त्याचं! नुसता पाय टेकला की बारीक नळ्यांतलं तेल दाब पोचवायचं आणि चारही चाकं धरायची. सगळे खूश, एकटा धाकूदादा सोडून. त्याचं म्हणणं, पाय चिखलात गेल्यासारखा वाटतो, खाली काय हाय ते कळतच नाय. मी स्टँडवर चार माणसांत त्याची टर उडवली. म्हटलं, दादा, तुला दगडावरच पाय आपटायची सवय, लोणी कसं मानवणार?

आणि मला तरी कुठे काय कळत होतं? मुंबईच्या फिटरने नळीतली हवा कशी काढायची ते एकदा दाखवलं, तेलाचा एक डबा दिला आणि बजावलं — हेच तेल, दुसरं नाही. मी मोठ्या जाणत्यासारखी मान हलवली. का दुसरं नाही, ते विचारलं नाही. विचारलं तर अडाणी ठरेन ना!

पंधरा-वीस दिवसांनी पायडल फारच खाली जायला लागलं. धाकूदादा शेटपाशी गेला, शेटने मला सांगितलं, बघ. मी नळ्या रिकाम्या केल्या, आणि उठताना माझीच टाच लागून डबा आडवा झाला. तेल जमिनीने पिऊन टाकलं. नवा डबा मुंबईहून यायला चार दिवस. गाडी संध्याकाळी निघायची. शेटला सांगायचं कसं, की डबा लवंडला? त्याचा स्वभाव फार कडक. मी घरी गेलो, फळीवरच्या खोबरेलाच्या बाटल्या पिशवीत घातल्या आणि आणून ओतल्या. तेल ते तेल, असं मनाशी म्हणालो. पायडल दाबून पाहिलं — मऊ, पण चाकं धरत होती. दुपारची वेळ, ऊन कडक होतं.

धाकूदादा आला, वाकला, म्हणाला, खोबरेलाचा वास कसा येतोय? मी म्हटलं, आज डोक्याला जरा जास्तच चोपडलंय. तो हसला. गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने मला हाक मारली. नवं लग्न झालेलं, तिला सगळ्याचं नवल. वाटीत उरलेलं खोबरेल माझ्यापुढे धरून म्हणाली, बघा तरी काय थंडी पडलीय. वाटी उपडी केली तरी तेल सांडेना.

मी त्या वाटीकडे बघत राहिलो. महाडात ही गत, तर वर काय असेल? त्या बारीक नळ्यांत?

सातही वाजले नव्हते. गाडी आठला सुटणार. पोस्टात तार होती, तारमास्तर मागच्याच खोलीत राहायचे. एक हाक मारायची, दोन शब्द लिहायचे — गाडी थांबवा. मी पोस्टाच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. खरंच गेलो. आतून चुलीचा धूर येत होता, मास्तर खोकताना ऐकू येत होते. इतक्या जवळ! पण तार म्हणजे कागदावर माझं नाव. का थांबवा, शेट विचारणार. आणि कदाचित होणारही नाही काही — कदाचित नळ्यांत गोठतच नसेल. आठाचे टोल पडेपर्यंत मी तिथेच उभा होतो. मग वळलो आणि स्टँडवर येऊन गाडीची वाट बघायला लागलो.

ती वाट बघणं — ते कसं सांगू? दर मोटारीच्या आवाजाला जीव वर यायचा. दहा वाजले. साडेदहा. अकराला पोलादपूरहून माणूस आला.

घाटातल्या तिसऱ्या वळणावर ब्रेक लागेना, तेव्हा धाकूदादाने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगरात घातली. म्हणून बाकीची माणसं वाचली. त्याचा डावा पाय मोडला. पुढच्या सीटवर साताऱ्याकडचे एक म्हातारे होते, महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायला निघालेले. ते गेले.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. गाडी उन्हात तापत होती. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी मलाच सांगितलं, मिस्त्री, ब्रेक दाबून दाखव. मी आत बसलो. पायडलवर पाय ठेवला. हात जोडून सांगतो, तेव्हा मी मनात म्हणत होतो, घट्ट राहा, गोठलेलं राहा, म्हणजे खरं बाहेर येईल आणि मी सुटेन यातून. की उलटं म्हणत होतो? आता मला खात्री नाही. पायडल मऊपणे खाली गेलं आणि चाकांनी धरलं. उन्हाने तेल कधीच वितळलं होतं. साहेबांनी लिहून घेतलं — ब्रेक ठीक. खाली सही माझी.

मग धाकूदादाने ब्रेक दाबलाच नाही, असं ठरलं. झोपला असेल. रात्री प्याला असेल. आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता तो. सहा महिन्यांची सजा झाली, लायसन गेलं. नवा डबा आल्यावर मी खोबरेल काढून टाकलं आणि नळ्या तीनदा धुतल्या.

सुटून आल्यावर तो पोलादपुरात उताराच्या कडेच्या एका चहाच्या दुकानात बसून असायचा. मी जायचो अधूनमधून. का जायचो, ते मलाच माहीत नाही. वरून मोटार उतरायला लागली की त्याचा उजवा पाय जमीन दाबायचा. मोटार निघून गेली तरी दाबूनच. बोलता बोलता, चहा पिता पिता. त्या जागी मातीत खळगा पडला होता.

एकदा त्याने मला विचारलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. म्हणाला, "दत्तू, त्या दिशी पायडल अगदी जुन्यासारखं लागलं रे, दगडासारखं. मला बरं वाटलं. मी जीव खाऊन दाबलं, असं मला वाटतं. पण सगळी म्हणतात, दाबलंच नाय. तू मिस्त्री हायस, तू सांग. दाबला असंल का मी ब्रेक?"

सजा भोगून झाली होती. शेट वारला होता. तिथे मला घाबरवणारं कुणी उरलं नव्हतं.

तरी मी म्हटलं, "नसशील दाबला, दादा."

तो बराच वेळ आपल्या उजव्या पायाकडे बघत बसला. मग म्हणाला, तसंच असंल. पुढे त्याने कधी विचारलं नाही. पायाने केलेल्या त्या चुकीची लाज बाळगतच तो गेला.

त्याने दाबला होता. सगळा जीव लावून दाबला होता.