वाळवंटी फौजेचं पाणी
नळ दुरुस्तीच्या पुट्टीचा वास आला की मला पुसदची एक दुपार आठवते. पटावरच्या युद्धखेळासाठी मी आणि माझी मैत्रीण त्या पुट्टीतून बोटभर उंचीची वाळवंटी फौज घडवत होतो, पण आमचे उंट गाढवांसारखे दिसत होते. म्हणून फौज आणि उरलेली पुट्टी डब्यात घालून आम्ही गावाबाहेर उतरलेल्या कच्छी मेंढपाळांकडे खरे उंट बघायला गेलो. तिथल्या म्हातारीने आमचा सेनापती तळहातावर घेतला आणि विचारलं, “इसका पानी किधर है?” मैत्रीण मला म्हणाली, “आपण तलवारीच देऊन राह्यलो, पाणी इसरलोच वं.” आम्ही पोट धरून हसलो आणि तिथेच बसून प्रत्येकाच्या पाठीवर पाण्याची इवलीशी पखाल चढवली. सेनापतीची पखाल म्हातारीने स्वतः वळली, म्हणून निघताना तो तिलाच दिला. मी अजून वाळवंट पाहिलेलं नाही; आमचा सेनापती मात्र केव्हाच तिकडे पोहोचला असेल.