शीड नसलेली बोट

इतकी वर्षं नोकरी केली, पण त्या जळालेल्या बोटीचा तपास मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी बोईसर-तारापूर भागात फौजदार होतो. किनाऱ्यावरच्या एका गावात वाळूवर ओढून ठेवलेली मासेमारीची बोट पहाटे जळाली आणि आत झोपलेला खलाशी गेला. तो डोंगराकडच्या पाड्यातून हंगामापुरता कामाला आलेला होता. प्रेत ताब्यात घ्यायला आलेली त्याची बायको मला एवढंच विचारत होती, "कोनी केलं?"

पंचनाम्यात डिझेल ओतल्याचं दिसलं. खुनाचा गुन्हा दाखल केला. दुसऱ्या सकाळी बोटीच्या दोन भागीदारांपैकी एक ठाण्यात आला.

"साहेब, आमच्या आळीतला म्हातारा तांडेल सोताच्या तोंडानं सगल्यांना सांगत फिरतो, बोट मीच जाळली म्हनून. त्याला विचारा."

तांडेल म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. हा सत्तरी ओलांडलेला, कामातून कधीच सुटलेला. हवालदार आणायला गेला तेव्हा तो आपण होऊन जीपमध्ये बसला.

"माझ्यामुलं पोर गेला," तो म्हणाला. "मला आत टाका."

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. शिवाय माणूस एवढ्या सहज कबूल झाला की मी जरा थांबतो. त्याला चहा दिला आणि विचारलं, "आग कशी लागली?"

"कंदील कलंडला. शिडानं पेट घेतला. वारा व्हता."

"इंजिनाजवळ कोण होतं?"

"इंजिन कसला? शिडावर चालते आमची बोट."

जळालेली बोट इंजिनाची होती. तिला शीड नव्हतंच. म्हातारा कुठल्या तरी दुसऱ्याच आगीबद्दल बोलत होता.

त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. वय नवऱ्याएवढंच, पण तेवढ्या वेळात तिने हवालदाराचं गाव, मुलंबाळं, सगळं विचारून घेतलं होतं. तिला आत बोलावलं.

"लगीन नवा व्हता आमचा," ती सांगू लागली. "यांचा धाकटा भाव बोटीवर जलून मेला. कंदील त्याच्याच हातून पडला. यांचा काय दोष? पन मी तांडेल, मी बघायला पायजे व्हता, हेच घेऊन बसले. मी रडले, भांडले, बाजारात चार बायांपाशी बोलले. हे कोनापाशी बोलले नाय. आता नातवाचा नावपन इसरतात. ती आग तेवढी राहिली हाय."

मग त्याच आळीत राहून हे सगळं माहीत असलेल्या, आणि तरी त्याचं नाव घेऊन आलेल्या माणसाकडे मी वळलो. भागीदाराला पुन्हा बोलावलं. ऐन उन्हाळ्यात त्याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या. वर करायला लावल्या. हात भाजलेला होता. मग तो बोलला. दुसऱ्या भागीदाराशी वाद विकोपाला गेला होता, म्हणून त्याने बोट पेटवली. "आत कोनी झोपलंय ते ठाव नव्हता, साहेब." खलाशाच्या बायकोला हे मीच जाऊन सांगितलं.

पुढे पालघरच्या एका डॉक्टरांना मी विचारलं, मनात कोंडून ठेवलेल्या दुःखाने म्हातारपणी डोकं लवकर थकतं का? ते म्हणाले, स्वभावाचा परिणाम होत असावा, पण एवढ्यावरून ठामपणे सांगता येणार नाही. मलाही येत नाही. मी एवढंच पाहिलं, की एकाच घरात, एकाच दुःखात दोन माणसं म्हातारी झाली. बोलणारी शाबूत राहिली. गप्प राहिलेल्याचं सगळं गेलं आणि ओझं तेवढं उरलं. तेव्हापासून चौकशीत वयस्कर माणूस विसंगत बोलू लागला तर मी त्याला दरडावलं नाही. तो कुठल्या काळातलं बोलतोय, ते आधी शोधलं.

म्हातारा त्यानंतरही ठाण्यात यायचा, मला आत टाका म्हणायचा. मागून बायको यायची. तिनेच एकदा सांगितलं, "सायेब, तुमी सांगा. माजा ऐकत नाय ते."

मी टोपी घातली, त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "तांडेल, तपास पूर्ण झाला. तुमच्यावर गुन्हा नाही."

त्याने विचारलं,

"माझ्या भावाला सांगितला?"

"सांगितलं," मी म्हणालो.

मग तो बायकोचा हात धरून घरी गेला. माझी बदली होईपर्यंत हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.