ओल्या चकत्या

गल्लीत तिला सगळे ‘जंतूवाली’ म्हणतात आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे आणि ते कशाने मरतात ते बघायचं, हेच तिचं काम. वडील शिंपी; सगळे त्यांना दादाच म्हणतात. मशीन त्यांनी केव्हाच विकलं, पण कुणाला कापलं-खरचटलं की माणसं अजून त्यांच्याच दारात येतात. दादा एका झाडाची साल पाण्यात उकळतात, त्या काढ्याने जखम धुतात आणि स्वच्छ सुती पट्टी बांधतात. “तुझ्या त्या काचेच्या ताटलीत माझी साल घालून बघ की एकदा. मी आहे तोवर कळू दे,” असा त्यांनी लेकीच्या मागे धोशा लावला होता.

शेवटी तिने मनावर घेतलं. साल वाळवली, कुटली, अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला. ताटलीत जंतू पसरले आणि त्यांवर अर्कात बुडवलेल्या, टिकलीएवढ्या कागदी चकत्या ठेवल्या. तुलनेसाठी शेजारी नुसत्या अल्कोहोलची एक चकती. दुसऱ्या दिवशी बघते तर सालीच्या चकत्यांभोवती जंतू साफ, छान नितळ कडं! तुलनेच्या चकतीभोवती काहीच नाही. विभागाचे सर हुरळून गेले, परिषदेत मांडू या म्हणाले. तिने तिथूनच घरी फोन केला. संध्याकाळपर्यंत दादांनी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती.

जेवताना मात्र घास तिच्या हातातच राहिला. तुलनेची चकती होती आदल्या दिवशीची, खडखडीत वाळलेली. सालीच्या चकत्या तिने दादांना लवकर सांगायच्या घाईत ओल्याच ठेवल्या होत्या. मग जंतू सालीने मेले की उरलेल्या अल्कोहोलने? तिने तोंड उघडलं नसतं तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण सुखाचा जीव असा आपणहून दुःखात घालायला वाघाचं काळीज लागतं, आणि या बाईकडे ते आहे.

तिने सगळं पुन्हा केलं. या वेळी सगळ्या चकत्या नीट वाळवल्या. दादांच्या काढ्याचीही एक ठेवली. कडं कुठेच आलं नाही.

“थोडं तरी असेल, नीट बघा,” सर म्हणाले.

“नाहीच, तर बघू काय, सर?”

दादांना सांगणं त्याहून अवघड होतं. ऐकून त्यांनी सालीची बरणी पुढ्यात ओढली. “म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना फसवलं?”

“छे हो, दादा! जखमा बऱ्या झाल्याच की. रोज उकळलेल्या पाण्याने धुवायचात, पट्टी बदलायचात. गुण त्याचाच असणार.” बोलता बोलता तिलाच रडू आलं.

“रडतेस काय, वेडाबाई? माप चुकलं तर कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढायच्या आधी उसवावा. बरं केलंस.” एवढं बोलून ते उठले, पण रात्री जेवले नाहीत.

सकाळी शेजारीण कापलेलं बोट धरून आली. दादांनी पाणी उकळत ठेवलं. सवयीने हात बरणीकडे गेला आणि रिकामाच परत आला.

“दादा, साल टाकायला विसरलात,” शेजारीण म्हणाली.

“विसरलो नाही,” दादा ताठ बसून म्हणाले, “माझ्या लेकीने तपासलीय ती.”